चार घनफूट दाराला, एक घनफूट खिडकीला

घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून, असे आपले जुने लोक सांगून गेले. लग्नातली चूक पंगत उठली की लोक विसरतात. घरातली चूक मात्र चाळीस-पन्नास वर्षे जागची हलत नाही आणि बहुतेक वेळा ती घरातल्या बाईलाच निस्तरावी लागते. हे मला गेल्या दिवाळीनंतर नागपूरच्या लकडगंजात एका शेतकरी कुटुंबाबरोबर फिरताना चांगले उमगले. तो दिवस सुरू झाला सागवानाच्या चौकटीपासून आणि जाऊन पोचला थेट जर्मनीतल्या स्वयंपाकघरात. वाचकांनाही त्यातून काही घेता येईल, म्हणून सांगतो.

उमरेड भागातले माझे एक जुने स्नेही कळमना बाजारात सोयाबीन विकून नव्या घराचे लाकूड घ्यायला निघाले होते. लाकडाची पारख तुम्हाला आहे, चला, म्हणून मलाही त्यांनी सोबत घेतले. बरोबर वहिनी होत्या आणि त्यांचा भाचा होता. हा मुलगा पुण्याच्या एका कारखान्यात इंजिनियर असून कामानिमित्त दोन वर्षे जर्मनीत राहून आला आहे.

लकडगंज म्हणजे नावाप्रमाणेच लाकडाची पेठ. रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या फळ्या, आरा मशीनची घरघर आणि ताज्या भुशाचा वास. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाचे नाव या बाजारात आदराने घेतात आणि त्याला कारणही आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली सागवान गेले ते बल्लारशाहून, आणि दिल्लीच्या नव्या संसदभवनात वापरलेले सागवानही नागपूरचेच. या सागाच्या निमित्ताने एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८६४ साली हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक म्हणून नेमले गेलेले डीट्रिख ब्रांडिस हे जर्मनीतल्या बॉन गावचे. जंगल मोजून, बेताने तोडावे आणि पुन्हा वाढू द्यावे ही शिस्त त्यांनी आपल्याकडच्या जंगलखात्याला लावली.

दाराची चौकट

माझ्या स्नेह्यांच्या यादीत पहिली होती दर्शनी दाराची चौकट. आठ फूट उंच, चार फूट रुंद, लाकूड सहा इंच बाय चार इंच. वर नक्षी वेगळी. लाकडाचा हिशेब सोपा असतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचे, की घनफूट निघतात. उंबरठा धरून या चौकटीची लांबी २४ फूट, म्हणजे बरोबर ४ घनफूट सागवान एकट्या चौकटीत जाणार होते.

मी यादी खालपर्यंत वाचली. स्वयंपाकघराच्या नावापुढे एक लाकडी दार होते आणि खिडकीच्या जागी लिहिले होते, ‘सिमेंट जाळी, दीड बाय एक.’

“खिडकी नाही ठेवली?” मी विचारले.

“मागच्या अंगाला हाय ते सयपाकघर,” स्नेही म्हणाले. “तिकडे कोण पाहते, साहेब? लोक दार पाहतात.”

वहिनी बाजूला लाकडाच्या थप्पीवर टेकल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना मधूनमधून खोकला येत होता. घरी गॅस आहे, पण पाणी तापवायला आणि भाकरीला चूलच पेटते, हे मला माहीत होते. २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यापाड्यांत गॅस पोचला, तरी जोडीला चूल राहिलेली अशी घरे मला कामाच्या निमित्ताने पुष्कळ दिसतात.

जर्मन बिजागरी आणि जर्मन घर

लाकडाचे भाव विचारून आम्ही कडी-कोयंडे पाहायला एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने कपाटाची एक बिजागरी दाखवली. दार ढकलले की ते आपटत नाही, शेवटी आपोआप हळू होऊन मिटते. “जर्मन कंपनीची आहे,” तो म्हणाला. हेटिच आणि हेफेले ही नावे आता आपल्या सुतारांच्याही तोंडी बसली आहेत. यातल्या हेटिचची सुरुवात १८८८ साली श्वार्त्सवाल्ड, म्हणजे ‘काळे जंगल’ नावाच्या डोंगरी मुलखात झाली, आणि तीसुद्धा कोकिळा बाहेर येऊन वेळ सांगणाऱ्या घड्याळांच्या भागांपासून.

बिजागरी हातात खेळवत मी भाच्याला विचारले, “तिकडची घरे असतात तरी कशी?”

तो हसला. “मामी, मी पहिल्या दिवशी भाड्याचं घर उघडलं, तर आत स्वयंपाकघरच नव्हतं. भिंतीतून नळाचं तोंड बाहेर आलेलं आणि विजेचं बटण. बस.”

वहिनींना ते खरेच वाटेना. पण तिकडे ही नेहमीची गोष्ट आहे. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात आणि पुष्कळ ठिकाणी ओटा, कपाटे, शेगडी भाडेकरूने स्वतःची आणायची असते. घर सोडताना तो हे सारे खोलून सोबत घेऊन जातो. कपाटांच्या रुंदीची मापे ठरलेली, शेगडी आणि भांडी धुण्याचे यंत्र बहुधा साठ सेंटिमीटरचे, त्यामुळे एका घरातले सामान दुसऱ्या घरात बसवता येते.

मग तो सांगत गेला. भिंती बहुधा पांढऱ्या, जमीन लाकडाची नाहीतर फरशीची, लाकूडसामान फिकट रंगाचे आणि मोजके. चपला दारात काढायच्या आणि घरात वेगळ्या सपाता घालायच्या. ओट्याखाली दारांच्या कपाटांऐवजी खेचायचे खण, म्हणजे मागचे भांडे काढायला गुडघ्यावर बसावे लागत नाही. कचऱ्याचे डबे तीन-चार, ओला वेगळा, कागद वेगळा. खिडकीची मूठ एका बाजूला फिरवली तर खिडकी दारासारखी उघडते, दुसरीकडे फिरवली तर वरच्या अंगाने थोडीशी आत कलते. पावसातही हवा येते, पाणी येत नाही. आणि बाहेर बर्फ असला तरी दिवसातून दोन-तीन वेळा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडायच्या, हा घराघरातला रिवाज. स्वयंपाकाची वाफ आणि कोंदट हवा भिंतींत मुरू द्यायची नाही.

“सयपाकघरालेबी खिडकी?” वहिनींनी पहिल्यांदाच प्रश्न केला.

“मी राहत होतो तिथं सगळ्यात चांगली खिडकी स्वयंपाकघरालाच होती, मामी.”

स्नेह्यांनी विषय बदलला. पण चौकटीचे लाकूड त्या दिवशी घेतले गेले नाही. पुढच्या आठवड्यात पाहू, असे म्हणून आम्ही चहा घेतला आणि पांगलो.

तेही धुरातूनच वर आले

घरी आल्यावर मला या विषयाने धरले आणि मी मिळेल ते वाचत गेलो. तेव्हा कळले, की जर्मन शेतकऱ्याचे घर काही पहिल्यापासून चकचकीत नव्हते. श्वार्त्सवाल्डमध्ये गुटाख गावी १६१२ साली बांधलेले एक शेतकऱ्याचे घर आजही उभे आहे आणि आता ते लोकांना पाहण्यासाठी राखले आहे. एका भल्यामोठ्या उतरत्या छपराखाली माणसे, गुरे आणि वर गवताचा साठा. स्वयंपाकघराला धुराडे नाही. धूर छताला भिडून मिळेल त्या वाटेने बाहेर पडायचा. त्या धुरात मांस टिकवण्यासाठी टांगून ठेवत, लाकूड काळे पडे आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईचे डोळेही जळत. आपल्याकडच्या ओसरी, माजघर आणि कोठ्यात वाढलेल्या माणसाला ते घर परके वाटणार नाही.

त्यांचा आपल्या छपराशीही संबंध आहे. ज्याला आपण मंगळुरी कौल म्हणतो, त्याचा कारखाना बासेल मिशनचे जर्मन मिशनरी गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळूरला काढला. आपल्या गावठी कवेलूपेक्षा हे कौल एकात एक अडकते, सरकत नाही आणि दरवर्षी छप्पर चाळावे लागत नाही. चांगली वस्तू कुठून आली हे आपण विचारत बसलो नाही, सोयीची होती म्हणून घेतली.

फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची मोठी टंचाई झाली. फ्रँकफुर्ट शहराने कामगारांसाठी हजारो घरे बांधायला घेतली. त्या कामाचे प्रमुख एर्न्स्ट माय होते. त्यांनी १९२६ साली स्वयंपाकघर आखायला मार्गारेटे लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या तरुण वास्तुशिल्पी बाईंना सांगितले. लग्नानंतर त्या शुटे-लिहोत्स्की झाल्या. १८९७ साली जन्मलेल्या या बाई २००० सालापर्यंत जगल्या.

त्यांनी काम कसे केले ते आपण शेतीखात्यातल्या लोकांनी शिकण्यासारखे आहे. एका अमेरिकन बाईने घरकामातल्या पावलांचा अभ्यास केला होता, तो त्यांनी वाचला. एकेका कामाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजले. आगगाडीच्या डब्यातले छोटे स्वयंपाकघर इतक्या लोकांचे जेवण कसे काढते, तेही पाहिले. मग १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे सुमारे सव्वासहा फूट बाय अकरा फुटांची एक खोली आखली. खिडकी टोकाला आणि खिडकीखाली कामाचे टेबल, म्हणजे भाजी चिरताना उजेड हातावर पडावा. बसून काम करता यावे म्हणून फिरते स्टूल. भांडी निथळायला वर जाळी. टेबलात केरकचरा लोटायचा खण. डाळ, तांदूळ, साखर यांसाठी तोटीचे ॲल्युमिनियमचे खण, काढले की सरळ भांड्यात ओतता येतील असे. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, त्यात किडे होत नाहीत म्हणून. माश्या बसू नयेत या समजाने कपाटांना निळसर रंग. आणि बैठकीच्या खोलीकडे सरकते दार, ते उघडे ठेवले की चुलीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत अंतर जेमतेम तीन मीटर आणि खेळणारे मूल नजरेसमोर.

अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे फ्रँकफुर्टमध्ये बसवली गेली. आज नागपुरात ज्याला मॉड्युलर किचन म्हणून विकतात, त्याचे मूळ इथे आहे.

पण या स्वयंपाकघरालाही लोकांनी नावे ठेवली, आणि ती रास्त होती. खोली इतकी अरुंद की दुसऱ्या माणसाला उभे राहायला जागा नाही. सासू-सून, माय-लेक मिळून काम करूच शकत नाहीत. बाई एकटी पडली. बाईंनी पुढे स्वतःच सांगितले, की हे आखले तेव्हा त्यांनी घरचा स्वयंपाक असा केलेलाच नव्हता. पुढे १९८२ साली ओट्ल आयखर या जर्मन रचनाकाराने स्वयंपाकघरावर एक पुस्तक लिहिले आणि मधोमध कामाचे टेबल ठेवा, चार माणसांनी भोवती जमून रांधावे, असा विचार मांडला. आजच्या नव्या जर्मन घरांत स्वयंपाकघर आणि जेवणघर पुष्कळदा एकच मोठी, उजेडाची खोली असते. म्हणजे धुराच्या खोलीतून बंद खोलीत आणि बंद खोलीतून पुन्हा माणसांत, असा त्या चुलीचा प्रवास झाला.

काय घ्यावे, काय सोडावे

जर्मन घराची नक्कल करायची असे मी म्हणत नाही. त्यांचे भांडण थंडीशी आहे. १९७३ सालच्या तेलटंचाईनंतर त्यांनी घरातली ऊब वाया जाऊ नये म्हणून १९७७ साली कायदेशीर नियम केले, भिंतींना जाड अस्तर आणि खिडक्यांना दुहेरी-तिहेरी काच आणली. १९९० साली डार्मस्टाट गावी अशी चार घरे बांधली, की ऊब राखण्यासाठी त्यांना अगदी थोडेच इंधन लागावे. त्यांना ऊन घरात हवे असते, म्हणून मोठ्या काचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्यांच्यासारखी पश्चिमेला काचेची भिंत घातली, तर संध्याकाळी त्या खोलीत पाय ठेववणार नाही.

त्यांच्याकडून घ्यायची ती रीत. पुष्कळ जर्मन घरांच्या खिडक्यांना बाहेरून गुंडाळायचे पडदे असतात आणि उन्हाळ्यात ते दिवसा खाली ओढतात. आतला पडदा ऊन घरात शिरल्यावर अडवतो, बाहेरचा ते काचेआधीच अडवतो. आपल्या वाळ्याच्या ताट्या आणि बांबूचे तट्टे हेच करत होते. दोन फुटांचा छज्जा आणि बाहेर तट्टा, एवढ्याने खोली पुष्कळ निवते.

ओट्याचे मापही तसेच. जर्मन माणूस उंच, त्याचा ओटा उंच. तेच माप आणून बसवले तर आपल्या बायांचे खांदे दुखतील. घरातल्या बाईने सरळ उभे राहून कोपर वाकवावे आणि कोपराच्या चार बोटे ते चार इंच खाली ओटा घ्यावा. शेगडीची उंची वेगळी, म्हणून शेगडीची जागा त्याहून थोडी खाली. भाकरी, पापड, कुरडया बसूनच होतात, तेव्हा खिडकीपाशी चार बाय चार फूट जमीन मोकळी राहू द्यावी. धुराला वर वाट, आणि समोरासमोर दोन झरोके नाहीतर खिडक्या. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरालाही किमान २५ चौरस मीटर जागा ठरवली आहे आणि तीत स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. सरकारी घराला जी अक्कल आहे, ती आपल्या पदरच्या पैशाने बांधलेल्या घराला नको का?

इथे मला माझीही चूक कबूल केली पाहिजे. एका गाईला साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा लागते, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पाठ आहे. किती गोठे मी आखून दिले, त्याची गणती नाही. पण स्वतःचे घर बांधले तेव्हा ओट्याची उंची गवंड्यावर सोडली. आमच्या घरची बाई पंचवीस वर्षे त्या ओट्यावर वाकून काम करते आहे. तिला विचारायला हवे होते, हे मला कधी सुचले नाही.

फक्कीचे घर

आठ दिवसांनी मी स्नेह्यांच्या गावी गेलो ते एक पोते चुन्याची फक्की घेऊन. फळबाग लावताना आपण जमिनीवर फक्कीने खड्डे आखतो, तसे मोकळ्या जागेवर त्यांच्या नकाशातले घर खऱ्या मापाने आखले. दारे, ओटा, मोरी, पाण्याची टाकी, सगळे. मग वहिनींना म्हटले, “घागर घ्या आणि समजा आता सकाळ झाली.”

सुरुवातीला त्या लाजल्या. गावची चार माणसेही जमली होती. मग त्यांनी पदर खोचला आणि चालू लागल्या. टाकीपासून ओट्यापर्यंत जायला त्यांना बैठक वळसा घालून ओलांडावी लागत होती. नातू पावलांची मोजणी करत होता. एका खेपेला एकतीस पावले निघाली. तेवढीच परतीची.

“आता तुम्हीच सांगा, कुठं पाहिजे?” मी विचारले.

“मले कोणं विचारते, भाऊजी?” त्या म्हणाल्या. पण दुसऱ्याच क्षणी अंगणाच्या बाजूच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. “अथी. अंगण दिसलं पायजे. पोरगं खेळते, वासरू सुटते. आता मले चुलीवरून उठून पाच वेळा बाहीर या लागते.”

माझे स्नेही बराच वेळ त्या पांढऱ्या रेघांकडे पाहत राहिले. मग स्वतः पायाने मागच्या खोलीच्या रेघा पुसल्या आणि फक्की मागितली. स्वयंपाकघर अंगणाच्या कडेला आले, पश्चिमेच्या कोपऱ्यात धान्याची खोली गेली. पुन्हा मोजले तेव्हा खेप अकरा पावलांची झाली.

पुढच्या फेरीत लकडगंजातून चौकट घेतली ती सात फूट बाय चार फुटांची, लाकूड पाच इंच बाय तीन इंच. लांबी २२ फूट, म्हणजे सुमारे सव्वादोन घनफूट. पावणेदोन घनफूट वाचले. चार फूट बाय तीन फुटांच्या खिडकीला, चार इंच बाय अडीच इंच लाकडाची चौकट घातली, तर १४ फूट लांबीला लागते जेमतेम एक घनफूट. उरलेले तिच्या पल्ल्यांना गेले. नक्षी गाळली. दारावर गणपती मात्र आहे.

वास्तुपूजा अक्षय्य तृतीयेला झाली. मी गेलो तेव्हा पाहुण्यांनी दार पाहिले, बरे आहे म्हणाले आणि आत शिरले. वहिनी खिडकीपाशी बसून पुरणपोळ्या लाटत होत्या, शेजारी दोघी जावा होत्या. त्यांनी मला पाहिले आणि हातातले लाटणे तसेच ठेवून खिडकीतून नातवाला हाक मारली, “बाबू, भाऊजींले पाणी दे.”

घराचा नकाशा काढायला बसाल तेव्हा गवंडी, सुतार आणि सोयरे यांच्याआधी घरच्या बाईला शेजारी बसवा. आणि जमले तर पोतेभर फक्की आणा.